जुना मॅक, नवी प्रणाली आणि आपला छापखाना

भंडारा म्हटले की बाहेरच्या माणसाला पितळेची भांडी आठवतात. पितळी भांड्याची कल्हई उडाली म्हणून ते भांडे कोणी मोडीत घालत नव्हते. कल्हईवाला दारात यायचा, भट्टी पेटवायचा, भांडे तापवून त्यात नवसागर टाकायचा आणि कथील फिरवायचा. भांडे पुन्हा स्वयंपाकाला लागायचे. मात्र ही कल्हई कायमची नसे. वापराप्रमाणे ती उडे आणि पुन्हा करून घ्यावी लागे. हे ठाऊक असल्यामुळे त्या व्यवहारात कोणाची फसवणूक होत नव्हती. आज ज्या कामाविषयी लिहायचे आहे, ते कामही याच जातीचे आहे.

आपल्या जिल्ह्यात भंडारा, तुमसर, साकोली, पवनी या गावांतून आपले अनेक बंधू छपाई, बाइंडिंग, फोटो आणि डीटीपीच्या धंद्यात आहेत. लग्नपत्रिका, निकाहचे दावतनामे, बिलबुके, हँडबिले आणि दरवर्षी रमजानपूर्वी निघणारी सहर-इफ्तारची वेळापत्रके, हे या दुकानांचे नेहमीचे काम. यातील बहुतेक काम विंडोजवर आणि कोरलड्रॉमध्ये होते हे खरे. तरीही कोणी नागपूरहून वापरलेला आयमॅक आणलेला असतो, कोणा फोटोवाल्याकडे २०१२ चा मॅकबुक प्रो असतो. यंत्र ठणठणीत असते, पडद्यावरचा रंगही चांगला असतो. पण एके दिवशी बँकेची वेबसाइट उघडत नाही, ब्राउझर 'आवृत्ती जुनी झाली' म्हणतो, नवे सॉफ्टवेअर बसायला नकार देते. दुकानदाराकडे चौकशी केली तर एकच उत्तर मिळते : नवीन घ्या, हप्त्यावर देतो.

हप्ता म्हटला की आपल्या वाचकांपुढे व्याजाचा प्रश्न उभा राहतो. कार्डावरच्या तथाकथित बिनव्याजी हप्त्यातही बँकेच्या पत्रकात बहुधा व्याज आणि त्यावरचा जीएसटी दिसतोच. व्याजाएवढी सूट विक्रेता आधी देतो, इतकेच. म्हणून ज्याला या वाटेने जायचे नाही, त्याने जुन्या मॅकवर नवी प्रणाली चालवता येते का, आणि चालवावी का, हे नीट समजून घ्यावे.

कंपनी कोठे थांबते

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली. मॅकमध्ये तिला मॅकओएस म्हणतात. ॲपल कंपनी दरवर्षी नवी आवृत्ती काढते आणि प्रत्येक वेळी काही जुनी यंत्रे यादीतून वगळते. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातील सफरचंदाच्या खुणेवर जाऊन 'अबाउट धिस मॅक' उघडले की आपले यंत्र कोणत्या सालचे ते कळते. २०१२ आणि २०१३ चे आयमॅक २०१९ च्या कॅटालिनापर्यंतच जातात. २०१४ चे आयमॅक २०२० च्या बिग सरपर्यंत, २०१५ अखेरचे २०२१ च्या मॉन्टेरेपर्यंत आणि २०१७ चे २०२२ च्या व्हेंचुरापर्यंत जातात. २०१२ चा मॅकबुक प्रो कॅटालिनावर थांबतो, २०१५ चा मॉन्टेरेवर.

या नेहमीच्या गाळणीत २०२० साली मोठी भर पडली. त्या वर्षी ॲपलने इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःची एम१ चिप आणली. जून २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की त्या वर्षीची टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती असेल, आणि टाहोसुद्धा इंटेलच्या मोजक्याच मॉडेलांवर चालते. याचा अर्थ इंटेलचे मॅक वापरलेल्या मालाच्या बाजारात स्वस्त होणार आणि आपल्या भागातही जास्त दिसू लागणार. घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने, दोघांनीही हा विषय समजून घेण्याचे हे एक कारण.

यंत्र यादीतून वगळले म्हणजे ते निकामी झाले असे नाही. कॅटालिनावर काल जे काम होत होते ते आजही होते. थांबतात त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. ॲपलची रीत पाहता दुरुस्त्या साधारणपणे अलीकडच्या तीन आवृत्त्यांनाच मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये टाहो आल्यावर तिच्याबरोबर सिक्वोया आणि सोनोमा या दोन उरल्या, व्हेंचुरा मागे पडली.

आधी एक स्वस्त उपाय

पुष्कळ वेळा दुखणे प्रणालीचे नसते, ब्राउझरचे असते. क्रोमची १२८ ही आवृत्ती कॅटालिनावर चालणारी शेवटची होती आणि १३८ ही बिग सरवर चालणारी शेवटची. फायरफॉक्सची गोष्ट वेगळी आहे. २०२३ च्या ११६ व्या आवृत्तीपासून त्याला कॅटालिना लागते, पण कॅटालिना असेल तर क्रोम बंद पडल्यानंतरही तो चालत राहिला. म्हणून तुमची तक्रार जर एवढीच असेल की जीएसटीचे पोर्टल, बँकेचे पान किंवा व्हॉट्सॲप वेब उघडत नाही, तर फायरफॉक्स बसवून पाहावा. त्याला पैसा लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही.

त्याहून जुन्या यंत्रांवर, म्हणजे एल कॅपिटान किंवा तिच्याआधीच्या प्रणालीवर, ३० सप्टेंबर २०२१ नंतर असंख्य वेबसाइट अचानक 'असुरक्षित' दिसू लागल्या. त्या दिवशी एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली होती. वेबसाइट खरी आहे की नाही हे संगणक अशा प्रमाणपत्रांवरून ओळखतो आणि जुन्या प्रणालीकडे नवे प्रमाणपत्र नव्हते. फायरफॉक्स आपली प्रमाणपत्रे स्वतःबरोबर बाळगतो, त्यामुळे त्यात ही अडचण आली नाही. काही लोकांनी त्या काळात केवळ याच कारणासाठी चांगली यंत्रे विकून टाकली असतील. दुकानदाराने त्यांना फायरफॉक्सचे नाव सांगितले असेल असे वाटत नाही!

नवीन प्रणाली काय घेऊन जाते

आता दुसरी बाजू. नवी प्रणाली घेतली म्हणजे सगळे मिळते असे नाही, काही गोष्टी जातातही. छापखान्यासाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

२०१८ ची मोहावी ही ३२-बिटची सॉफ्टवेअर चालवणारी शेवटची मॅकओएस. कॅटालिनापासून ती दारे बंद झाली. इनडिझाइन सीएस६ हे २०१२ चे सॉफ्टवेअर ३२-बिटचे आहे, ते कॅटालिनावर किंवा तिच्यापुढच्या कोणत्याही प्रणालीवर चालणार नाही. क्वार्कएक्सप्रेस २०१५ च्या आवृत्तीपासून ६४-बिटचे झाले, त्याआधीचे तुमच्याकडे असेल तर तेही जाईल. पेजमेकरचे मॅकवरचे आयुष्य तर त्याआधीच संपले. तरीही त्याच्या फायली अनेक दुकानांच्या जुन्या सीडींमध्ये पडून आहेत. इनडिझाइन सीएस६ ला पेजमेकर ६ आणि ७ च्या फायली उघडता येत. म्हणजे सीएस६ गमावले की त्या फायलींकडे जाण्याचा रस्ताही गेला. एखाद्या मदरशाचे किंवा पतसंस्थेचे पंधरा वर्षांपूर्वीचे पावतीपुस्तक पुन्हा छापायचे काम आले, तर हा रस्ता लागतो.

फॉन्टची गोष्ट याहून नाजूक. आपल्याकडे मराठी डीटीपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीवर किंवा तशाच इतर पॅकेजांवर वाढले. या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात आणि वरून मराठी अक्षराचा वेश चढवलेला असतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरे बनतो. टाइप १ जातीच्या पोस्टस्क्रिप्ट फॉन्टांना तर ॲडोबीनेच जानेवारी २०२३ पासून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जागा देणे बंद केले. नव्या मॅकओएसमध्ये युनिकोड मराठीची सोय चांगली आहे. कोहिनूर देवनागरी आहे, मॉड्युलर इन्फोटेकचाच श्री देवनागरी ७१४ हा फॉन्ट ॲपलने प्रणालीबरोबर दिलेला आहे, आणि उर्दूसाठी नोटो नस्तालिक उर्दू आहे. नवीन कामाला हे पुरते. दावतनाम्यावर दोन ओळी उर्दूच्या टाकायच्या तर आता वेगळी करामत करावी लागत नाही. पण जुन्या फायली आपोआप युनिकोडमध्ये येत नाहीत. त्या रूपांतरित कराव्या लागतात आणि रूपांतरानंतर प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासावी लागते. रफार आणि जोडाक्षरे हमखास दगा देतात. नावात एक रफार चुकला तर पाचशे पत्रिका रद्दीत जातात, आणि कागदाचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात.

फोटोवाल्या बंधूंसाठी आणखी एक सूचना. लग्नाच्या जुन्या डीव्ही कॅसेटी फायरवायरच्या वायरीने संगणकात उतरवण्याचे काम कोणी अजून करत असेल, तर टाहोमध्ये फायरवायरचा आधार काढून टाकलेला आहे. २०१२ च्या तेरा इंची मॅकबुक प्रोला फायरवायरचे तोंड आहे. अशा यंत्रावरची जुनी प्रणाली हलवू नये. ते यंत्र त्या एका कामापुरते सोने आहे.

यावरून निर्णय असा निघतो की नवी प्रणाली जुनीच्या जागी बसवू नये, तिच्या शेजारी बसवावी. आतल्या डिस्कवर जुनी प्रणाली, जुने सॉफ्टवेअर आणि जुने फॉन्ट जसेच्या तसे राहू द्यावे. एक बाहेरची एसएसडी घेऊन नवी प्रणाली तिच्यावर टाकावी. एसएसडी जोडली की नवे घर, काढली की जुने घर. २०१२ आणि नंतरच्या आयमॅकला आणि मॅकबुक प्रोला यूएसबी ३ आहे, त्यामुळे बाहेरची एसएसडी पुरेशा वेगाने चालते. २०११ आणि त्याआधीच्या यंत्रांना यूएसबी २ आहे, तेथे हा उपाय फार संथ होतो. शिवाय त्या यंत्रांची ग्राफिक्स चिप इतकी जुनी आहे की नव्या प्रणालीत पडदा अडखळत चालतो. त्यांच्या मागे लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

काम कसे होते

ॲपल ज्या यंत्राला नवी प्रणाली देत नाही, त्याला ती बसवून देणारे आज सर्वांत जास्त वापरले जाणारे साधन म्हणजे ओपनकोअर लेगसी पॅचर. डोर्टानिया नावाचा स्वयंसेवकांचा गट ते तयार करतो आणि फुकट देतो. याआधीही असे प्रयत्न झाले होते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक्सपोस्टफॅक्टोने जुन्या पॉवर मॅकवर ओएस एक्स चालवले, पुढे डॉसड्यूड१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारागिराच्या पॅचरांनी मोहावी आणि कॅटालिना जुन्या यंत्रांवर नेल्या. म्हणजे ही जिद्द जुनीच आहे.

ओपनकोअर दोन टप्प्यांत काम करते. संगणक सुरू होताना ते प्रणालीच्या आधी जागे होते आणि हे यंत्र चालण्याजोगे आहे अशी तिची समजूत घालते. पण नुसते सुरू होऊन भागत नाही, कारण जुन्या भागांचे ड्रायव्हर कंपनीने नव्या प्रणालीतून काढून टाकलेले असतात. २०१२ च्या आयमॅकमध्ये आणि २०१३ च्या बऱ्याच आयमॅकमध्ये एनव्हिडियाची केप्लर जातीची ग्राफिक्स चिप आहे, तिचे ड्रायव्हर २०२१ च्या मॉन्टेरेमधून गेले. त्या काळच्या बऱ्याच मॅकमधील ब्रॉडकॉम वायफायचे ड्रायव्हर २०२३ च्या सोनोमामधून गेले. दुसऱ्या टप्प्यात पॅचर हे ड्रायव्हर जुन्या आवृत्तीतून उचलून नव्या प्रणालीत परत बसवतो. याला रूट पॅच म्हणतात. कल्हई ती हीच.

प्रत्यक्ष काम अर्ध्या दिवसाचे आहे. पण ते लग्नसराईत किंवा रमजानच्या वेळापत्रकांची छपाई चालू असताना काढू नये. सुरुवातीला सगळ्या फायलींची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती दोन-चार फायली उघडून तपासावी. न तपासलेली नक्कल असून नसल्यासारखी. मग ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा, त्यातले सर्व पुसले जाणार हे लक्षात ठेवावे. पॅचर त्याच्या मूळ जागेवरूनच उतरवावा. बाजारात कोणी सीडी किंवा तयार पेन ड्राइव्ह विकत असेल तर घेऊ नये, कारण त्यात आणखी काय घातले आहे हे तुम्हांला कळणार नाही. पॅचर ॲपलच्याच सर्व्हरवरून प्रणाली उतरवतो, ही काही जीबींची फाइल आहे, म्हणून इंटरनेट भरवशाचे असावे.

पेन ड्राइव्ह तयार झाला की त्यावर ओपनकोअरही टाकावे लागते, हे पुष्कळ जण विसरतात. मग संगणक सुरू करताना ऑप्शन कळ दाबून धरावी. डिस्कांची चित्रे दिसतात, त्यांत ईएफआय बूट हे आधी निवडावे आणि त्यानंतरच्या यादीतून इन्स्टॉलर. बाहेरची एसएसडी डिस्क युटिलिटीमधून एपीएफएस पद्धतीने पुसून घ्यावी आणि प्रणाली तिच्यावर बसवावी. येथे डिस्कचे नाव तीनदा वाचावे. चुकून आतली डिस्क पुसली गेली तर वर सांगितलेले सगळे व्यर्थ आहे. बसवताना यंत्र दोन-तीनदा आपोआप बंद होऊन सुरू होते आणि बराच वेळ नुसते सफरचंद दिसते. घाबरून बटण दाबू नये. आपल्याकडच्या विजेचा भरवसा सर्वांना माहीत आहे, तेव्हा यूपीएसशिवाय हे काम हातात घेऊ नये.

पहिल्यांदा नवी प्रणाली उघडली की निराशा होते. पडदा जड चालतो, रंग विचित्र दिसतात, वायफाय नसते. रूट पॅच अजून लागलेले नसतात म्हणून असे होते. त्या पॅचसाठी काही यंत्रांवर इंटरनेट लागते आणि इंटरनेटसाठी वायफाय लागते, जे पॅच लागल्याशिवाय येत नाही. या फेऱ्यातून सुटण्यासाठी नेटवर्कची साधी केबल आधीच जवळ ठेवावी. पॅच लावून यंत्र पुन्हा सुरू केले की पडदा सुरळीत होतो. शेवटी ओपनकोअर त्या एसएसडीवरही बसवावे, नाहीतर दर वेळी सुरू करताना तो पेन ड्राइव्ह लावावा लागेल.

एक सावधगिरी फोटोंबाबत. फोटोज या सॉफ्टवेअरचा जुना संग्रह नव्या प्रणालीत एकदा उघडला की त्याचे स्वरूप बदलते आणि तो जुन्या प्रणालीत परत उघडत नाही. गिऱ्हाइकांचे फोटो असलेला मूळ संग्रह कधीही तेथे उघडू नये, त्याची नक्कल उघडावी.

मेमरीबद्दल थोडे. ८ जीबी असेल तर साधे काम होते, फोटोशॉपसारख्या कामाला १६ असावी. सत्तावीस इंची आयमॅकला मागे झाकण आहे, ते उघडून मेमरी घरच्या घरी वाढवता येते. २०१२ नंतरच्या एकवीस इंची आयमॅकला तसे झाकण नाही, पडदा चिकटवलेला आहे आणि तो उचकटणे हे सरावलेल्या हाताचे काम आहे. फिरत्या हार्ड डिस्कवर नवी प्रणाली टाकून संगणकाला शिव्या देऊ नयेत. ती डिस्क या प्रणालीसाठी नाहीच.

कल्हई पुन्हा कधी

मॅकओएसची कोणतीही दुरुस्ती आली आणि बसली, की रूट पॅच निघून जातात आणि पुन्हा लावावे लागतात. पहिले काम म्हणून सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन आपोआप होणारे अपडेट बंद करावेत. नाहीतर रात्री संगणक स्वतःच दुरुस्ती बसवतो आणि सकाळी पत्रिका छापायची असताना पडदा अडखळू लागतो. दुरुस्ती घ्यायचीच नाही असे नाही, ती घ्यावीच. पण आठवडाभर थांबून, पॅचरची नवी आवृत्ती आली आहे का ते पाहून, काम नसलेल्या दिवशी घ्यावी. सिक्वोयाची वाट बऱ्यापैकी मळलेली आहे. टाहोच्या मोहात पडण्याचे छापखान्याला काही कारण दिसत नाही.

सुरक्षेचा हिशेबही सरळ मांडला पाहिजे. बिग सरपासून ॲपल प्रणालीच्या मूळ फायलींना सील लावते. रूट पॅच लावण्यासाठी हे सील तोडावे लागते आणि आणखी एक संरक्षण काही प्रमाणात सैल करावे लागते. म्हणजे दुकानाला नवे शटर बसवले, पण आतले एक कुलूप उघडे ठेवले, अशी ही अवस्था आहे. दुरुस्त्या बंद झालेली जुनी प्रणाली इंटरनेटवर वापरण्यापेक्षा ही बरी असे मला वाटते. तरीही ज्या संगणकावरून मोठ्या रकमांची बँकेची देवाणघेवाण होते तो हा नसावा. ते काम अद्ययावत मोबाइलवर करावे. संगणक पत्रिका छापण्यासाठी आहे.

हे कायद्यात बसते का, असे विचारले जाते. ॲपलच्या परवान्यात मॅकओएस ॲपलच्याच संगणकावर चालवण्याची अट आहे आणि जुना मॅक हा ॲपलचाच संगणक आहे. प्रणालीला कंपनी वेगळी किंमतही घेत नाही. मात्र अशा यंत्राची जबाबदारी कंपनी घेत नाही आणि काही बिघडले तर कोणाकडे दाद मागता येत नाही. चोरीचे फोटोशॉप किंवा कोरलड्रॉ बसवणे ही गोष्ट याहून निराळी आहे, ती दुसऱ्याच्या मालाची चोरी होय. नव्या प्रणालीबरोबर कोणी फुकटात 'सर्व सॉफ्टवेअर भरून देतो' म्हणाला तर त्याला नम्रपणे नाही म्हणावे.

विकायचा झाला तर

आता त्या बंधूंसाठी, जे जुने मॅक घेऊन, दुरुस्त करून विकतात किंवा विकण्याचा विचार करतात. हा धंदा वाढणार आहे आणि खोटही येथेच शिरते. २०१३ चा आयमॅक, त्यावर सिक्वोया चमकते आहे, गिऱ्हाइकाला वाटते यंत्र अलीकडचे आहे. त्याला न सांगता विकले तर पहिल्याच अपडेटला पडदा बिघडतो आणि तो परत दारात येतो.

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग नोंदलेला आहे. पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगापाशी थांबले आणि त्यात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर त्यांनी विचारले की भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. तुमसरच्या बाजारात धानाचा व्यवहार करणाऱ्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. सरकारी खरेदीत धानाची ओल १७ टक्क्यांच्या आत लागते आणि तेथे यंत्र लावून ती मोजली जाते. संगणकाची ओल मोजणारे यंत्र गिऱ्हाइकाजवळ नसते, ती विक्रेत्यालाच माहीत असते. ओले धान विकायला मनाई नाही. त्याचा भाव ओल्याचा घ्यावा, इतकेच.

ही ओल वर कशी ठेवायची? उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. रोखीच्या व्यवहारातही लिहिलेले कामाला येते. बिलावर साध्या मराठीत लिहावे : संगणक अमुक सालचा, कंपनीने दिलेली शेवटची प्रणाली अमुक, सध्याची प्रणाली ओपनकोअर पॅचरने बसवलेली, अपडेटनंतर पॅच पुन्हा लावावा लागेल, तो लावून देण्याची जबाबदारी इतके महिने आमची, त्यानंतर मजुरी इतकी. मजुरी आधी ठरवलेली बरी, कारण पॅचर फुकट असला तरी तुमचा वेळ फुकट नाही आणि त्या वेळेचे दाम घेणे रास्त आहे. मात्र पॅचर आपणच बनवल्यासारखे सांगून त्याची किंमत लावू नये.

देण्यापूर्वी गिऱ्हाइकाला समोर बसवून एकदा पॅच लावून दाखवावा. जुन्या मालकाचे आयक्लाउड खाते बाहेर काढावे, डिस्क पुसून प्रणाली नव्याने बसवावी, कारण जुन्या मालकाच्या फायली ही अमानत आहे. आणि ज्या पेन ड्राइव्हने प्रणाली बसवली तो यंत्राबरोबरच द्यावा. दहा महिन्यांनी लाखांदूरकडच्या एखाद्या गावात तो आयमॅक सुरू होईनासा झाला तर भंडाऱ्याची खेप वाचेल.